पिवळी बंद, पांढरी सुरू

अण्णा, तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली आणि नांदेडचं आपलं मेडिकल अजून मीच चालवते. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून एका पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसले. दमलेय, हे आधीच सांगते. औषधं विकून नाही, भाव सांगून दमलेय. दरवर्षी सरकार भाव बांधून दिलेल्या यादीतल्या औषधांचे भाव थोडे वाढवू देतं, यादीबाहेरच्या कंपन्या आपापली वाढ घेतात, आणि खेड्यातून एसटीनं आलेल्या माणसाला वाटतं ती वाढ मीच केली. कर कमी झाल्याची बातमी आली तेव्हाही लोक मलाच विचारायचे, मग आमच्या पाकिटावर कुठं कमी झालं? पेपरात काहीही छापून येवो, जाब द्यायचा कौंटरवर. तुमच्या वेळी लोक विचारायचे, गोळी लागू पडेल ना? आता आधी भाव विचारतात आणि मग म्हणतात, अर्धंच द्या.

लातूरला डी. फार्म. करून मी नवी नवी दुकानात बसायला लागले होते, तो दिवस आठवतो. तुम्ही आत चहा पिताय. मी एका म्हाताऱ्याला त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी देते आणि मोठ्या तोऱ्यात सांगते, औषध एकच आहे, फक्त नाव वेगळं. तुम्ही कप तसाच ठेवून बाहेर येता. "जुनं पाकीट माघारी घेतलंस का?" मी म्हणते, कशाला? "त्याला नाव वाचता येत न्हाई. त्याला रंग ठाऊक हाय." चार गिऱ्हाइकांसमोर. मग तुम्ही त्याला पिशवी रिकामी करायला लावता, उरलेल्या गोळ्या काढून घेता, त्यांचे पैसे वळते करता आणि म्हणता, "म्हणा बाबा, पिवळी बंद, पांढरी सुरू." तो लाजत लाजत म्हणतो. तुम्ही तीनदा म्हणवून घेता. मला इतका राग आला होता की घरी येऊन आईला म्हटलं, हे दुकान आहे की बालवाडी?

नायगावच्या एक मावशी आपल्याकडे महिन्याला यायच्या. शाळेत खिचडी शिजवून त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. बीपीची गोळी कायमची, पिवळी. गेल्या उन्हाळ्यात कौंटरला टेकून म्हणाल्या, "बाई, परवडून न्हाई राहिल्या आता. म्या एक दिवसाआड घेते. चालंल न्हवं?" मी म्हटलं, असं अजिबात करायचं नाही, आणि त्यांना पलीकडच्या सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानात पाठवलं. औषध तेच, दाम कितीतरी कमी. हातचं गिऱ्हाईक सोडलं म्हणून मला माझंच कौतुक वाटलं. अण्णांची लेक शोभते, असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू. सोमवार होता, कौंटरवर गर्दी होती. घरी जुन्या गोळ्या किती उरल्यात, ते मी विचारलं नाही. काही म्हणवूनही घेतलं नाही.

दिवसाआड घेत असल्यानं त्यांच्याकडे पिवळ्या बऱ्याच साठल्या होत्या. त्या त्यांनी टाकल्या नाहीत. घामाच्या पैशाच्या गोळ्या कोण टाकतं? रोज सकाळी पिवळी घेतली आणि तिच्याबरोबर सरकारी दुकानातली पांढरीही, म्हणजे एकच औषध दोनदा. दहा-बारा दिवसांनी चक्कर येऊन अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणावर आहेत.

त्यांची सून आली तेव्हा तिनं पिशवी कौंटरवर उलटी केली. दोन्ही पाकिटं सारखीच रिकामी होत आलेली. बघताक्षणीच मला सगळं कळलं. ती म्हणाली, "त्या सरकारी गोळीनंच पाडलं बघा, ताई. एवढी स्वस्त गोळी, तिच्यात काय असणार हाय? म्हाग तर म्हाग, तुमचीच द्या." गोळी चांगली आहे, चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. मी विचारलं, आता त्या कशा आहेत? आणि पिवळं पाकीट काढून दिलं.

दर महिन्याला ती येते आणि मी देते. त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोघांनी स्वस्त गोळी सोडली आणि माझ्याकडे परत आले. काल त्यातल्या एकानं विचारलं, "सरकारी गोळ्या बाद असतात म्हणं?" मी म्हटलं, तसं काही नाही. पण ते अशा सुरात म्हटलं की त्यानं महागडीच मागितली. सरकारला, कंपन्यांना, नुसती महागड्या कंपन्यांची नावं खरडणाऱ्या डॉक्टरांना मी दिवसभर बोल लावते आणि त्यात खोटं काहीच नसतं. पण मावशींचं मोडलेलं हाड त्यातल्या कुणाच्याच माथी मारता येत नाही. मावशींना अजून वाटतं, स्वस्ताच्या मोहात पडले म्हणून असं झालं. सून सांगत होती, म्हातारी पडल्या पडल्या स्वतःलाच बोलत असते.

तुम्ही असता तर चार लोकांसमोर झापलं असतं आणि मी सुटले असते. हा कागद घडी करून माझ्याच पर्समध्ये राहणार. नायगाव इथून तासाभरावर आहे, अण्णा. तिथं जायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय.