तांब्याची नळी आणि कार्यमुक्तीचं पत्र

कसबा पेठ, पुणे
शनिवार, १२ जून १९९९

प्रिय पूर्वा,

मला तुझा हेवा वाटतो. बावीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या बाईला हे एक वाक्य लिहायला तीन कागद फाडावे लागले.

तू कॉलेजात आलीस तेव्हा मुलाखतीच्या कागदावर 'अनुभव नाही' हा शेरा विभागप्रमुख म्हणून माझाच होता. तरी तुला घेतलं. महिन्याभरात तू बोहरी आळीतून तांब्याची नळी आणलीस आणि वर्गात तिच्यातून आधी लोखंडी नट सोडलास, मग तेवढंच लोहचुंबक. नट खट्कन पडला. लोहचुंबक मात्र शनिवारवाडा बघायला आलेल्या पाहुण्यासारखं सावकाश उतरलं. मुलं बाकांवर चढली! माझ्या तासाला ती फक्त घंटेपुरती जागी होत. मी फळ्यावर सूत्र लिहायचे, उणे चिन्हाखाली दोन रेघा मारायचे आणि सांगायचे, प्रेरित प्रवाह लोहचुंबकाला विरोध करतो. पहिल्या बाकावरच्या सृष्टीने तुला विचारलं, मग ते लांब जाताना नळी त्याला मागे का ओढते? तू म्हणालीस, तांब्याचं लोहचुंबकाशी वैर नाही, त्याला बदल खपत नाही. जवळ येताना ढकलतं, दूर जाताना धरून ठेवतं. मी दाराबाहेर उभी होते. इतकं सोपं मला कधी सुचलं नाही, याचा राग मी तुझ्यावर काढला. प्रयोगशाळेची किल्ली तुला एकदाही वेळेवर दिली नाही.

आता सॉफ्टवेअर कंपनी तुला नेते आहे. एसी ऑफिस, पुढेमागे अमेरिका. खरं तर मी सुटले म्हणायला हवं होतं. पण परवा तू स्टाफरूममधला कप्पा आवरताना दिसलीस आणि जीव कासावीस झाला. यापुढे मी भांडायचं कुणाशी? सुशीलाबाईंशी? त्या पेपर तपासता तपासता भाजी निवडतात.

कार्यमुक्तीच्या पत्राशिवाय सोमवारी तुला रुजू करून घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी प्राचार्यांकडे बोट दाखवलं. त्या भल्या माणसाने सही करून वीस दिवस झाले. पत्र माझ्याच कपाटात होतं. सोबत जोडलं आहे. सोमवारी वेळेवर जा. मला क्षमा करण्याची मात्र घाई करू नकोस.

तुझीच,
कौशल्या मॅडम