चकतीखालचं तेल

स्फाक्स, रविवार, ९ नोव्हेंबर

सिरीन,

तुला आणि घरच्यांना सलाम. तुझ्या आईच्या गुडघ्यांना आता उतार असेल.

माझं सगळं फिरलं ते त्या मंगळवारी, रसायनशास्त्राच्या तासाला, दहा वाजून वीस मिनिटांनी. तू वही पुढे सरकवून हसलीस, आणि मी सगळ्या वर्गासमोर ओरडलो, की तुझ्या अत्तरानं डोकं उठतं, लांब बस. दप्तर उचललं नि निघालो. पुन्हा कॉलेजात पाऊल टाकलं नाही.

इथे जैतुनाचा हंगाम जोरात आहे. बाबांच्या घाण्यावर दिवसभर उभा असतो. पोती मात्र ते उचलू देत नाहीत. का, ते सांगायलाच बसलोय आणि घाण्याचं पुराण लावलंय.

उन्हाळ्यात मी फ्रान्सला, मार्सेच्या काकाकडे गेलोच नव्हतो. इथेच इस्पितळात होतो. माझ्या आतड्याचं तोंड आता पोटावर काढलंय. त्याभोवती चिकट चकती, चकतीला पिशवी. कायमची. त्या मंगळवारी चकती सुटली होती. वास माझा होता, सिरीन.

सुटली का, तेही ऐक. भोवतीची कातडी सोलवटलेली, आणि आमच्या घरात कान दुखला तरी तेल, सोयरीक मोडली तरी तेल. आई रोज पहिल्या घाण्याचं तेल चोळायची. तेलावर चकती धरेना, की गळती. गळतीनं कातडी आणखी सोलायची, की आणखी तेल. इस्पितळातल्या सिस्टर हाजरनं तेल बंद करा म्हटल्यावर बाबा भडकले, मीही भडकलो. आमच्या तेलाला नाव ठेवते म्हणजे काय? तिनं शांतपणे माझ्या पोटावरून बोट फिरवलं, वास घेतला.

"तेल झकास आहे हो, काका. पावावर घाला. पोराच्या पोटावर कशाला वाया घालवताय?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्या घरी पाच लिटरचा डबा पाठवला.

माझी चूक वेगळीच निघाली. शस्त्रक्रियेनंतर ते तोंड आक्रसलं होतं, आणि मी चकतीचं भोक जुन्याच मापानं कापत होतो. उघडी राहिलेली कातडी जळणारच. आता आधी माप घेतो, कडेला जेमतेम फट ठेवतो. नुसत्या कोमट पाण्यानं धुतो, टिपून कोरडं करतो, चकती तळहाताखाली दोन मिनिटं दाबून धरतो. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी. सुरुवातीला दोनदा कात्री भिंतीवर भिरकावली. आता एक चकती चार दिवस टिकते, थेंब गळत नाही. कातडी तुझ्या गालासारखी झालीय. हसू नकोस.

मागच्या आठवड्यात सिस्टरनं एका शाळामास्तरांना माझ्याकडे धाडलं. गळतीच्या धास्तीनं सात महिने ते जुम्याच्या नमाजाला गेले नव्हते. त्यांना माप घ्यायला मी शिकवलं. शुक्रवारी ते पहिल्या रांगेत उभे होते, मी मागून पाहिलं. कुठल्याही परीक्षेत पास होऊन माझी छाती एवढी फुगली नव्हती.

तुझा सर्वांदेखत अपमान केला, तो लाज झाकायला. आता झाकायचं काही उरलं नाही. माझ्यावर प्रेम कर म्हणत नाही (म्हणतोय खरं तर). फक्त दया दाखवू नकोस. शिव्या घाल, तोंडावर नाही म्हण, ते ऐकून घेईन.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र मीच घेऊन तुझ्या गावी, महदियाला येतोय. सकाळी न्याहारीआधी नवी चकती लावलीय, जादाची खिशात आहे. आईनं विचारलं, कुठे निघालास? आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं: सिरीनकडे. तिनं माझी कॉलर नीट केली.

पाकीट बंद करतो, बाहेर पडतो आणि मागे दार ओढून घेतो.

आता काहीही न लपवणारा,
वज्दी