बाबांचा टॅब उघडाच ठेवला

४ जून

काढलं एकदाचं लॉक. बाबांचा अंगठा टॅब काही केल्या घेईना. उजवा, डावा, पुसून, क्रीम चोळून — सगळं करून झालं. जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, सिमेंटने बोटांवरच्या रेषा पार खाऊन टाकल्यात. आकडे टाकावेत, तर अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आकडे डोक्यात राहत नाहीत. आणि बोलण्यात एकच शब्द उरलाय — "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं.

स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, "अहो, लॉक हवंय कशाला? टॅब म्हणजे आता त्यांचं तोंड. तोंडाला कुणी कुलूप लावतं का?" पटलं मला. टॅबवर चित्रं आहेत — पाण्याचा पेला, चहाचा कप, उशी, संडास. चित्राला बोट लावलं की आतली बाई तो शब्द बोलते. त्यांचं वाचणं गेलंय, हे बाईंनीच पहिल्या दिवशी तपासून सांगितलेलं. म्हणून सगळी चित्रंच.

दादाशी त्यांना व्हिडिओवर बोलता यावं म्हणून माझ्या फोनचंच खातं टॅबवर टाकलं. वेगळं काढायचा कंटाळा.

७ जून

बाबांना खेळणं सापडलंय. शेजारच्या काकू दुपारी त्यांच्यापाशी बसतात, मी कामावर असते तेव्हा. काकूंनी स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण लावलं की बाबा "दुखतंय"चं बटण दाबतात. काकू मला कौतुकाने सांगतात — "किती गं मायाळू आहेत, माझं दुखणं त्यांना सहन होत नाही." मी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे बघत होते, साळसूदासारखे.

खूप दिवसांनी हसले.

१२ जून

दिवस वाईट गेला. आमच्या दातांच्या लॅबमध्ये एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. हिरडीचा साचा दवाखान्यातच चुकीचा घेतलेला, पण खापर माझ्या माथी. दिवसभर मेण तापवून, दात काढून पुन्हा बसवत होते. घरी आले तर बाबा बाथरूमच्या दारात पडलेले. काकू नेमक्या लवकर गेलेल्या. लागलं नव्हतं काही, पण सगळं ओलं, घाण. उचलताना माझ्या पाठीत चमक भरली. अंघोळ घालताना त्यांनी माझा हात झिडकारला. मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहवत नाही.

मग गच्चीत जाऊन फोनवरून दादाला लिहिलं. भडाभडा. लिहून झाल्यावर बरं वाटलं. आग ओकल्यावर वाटतं तसं.

१३ जून

दादाचं उत्तर आलंय. त्याच्या शहरात वृद्धांसाठी जागा पाहून ठेवलीय म्हणे त्याने — नर्स असते, स्वच्छ आहे, बाग आहे. एक खोली आता रिकामी होतेय. "ठमे, तू फक्त हो म्हण. बाकी मी बघतो. तू एकटी किती मरशील?"

मी हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. तसाच ठेवला त्याचा मेसेज.

१६ जून

बाबा गप्प. म्हणजे टॅबने गप्प. दोन दिवस एकही चित्र दाबलेलं नाही. काकू म्हणाल्या, पालथा घालून ठेवलाय उशीजवळ. पाणी विचारलं — बरं. जेवता का — बरं. चार घास खातात आणि ताट सरकवतात.

त्या दिवशी ओरडले त्याचा राग असणार. असू दे. दोन-तीन दिवसांत निवळेल.

१७ जून

काहीच लिहावंसं वाटत नाही. कवळी एकदाची बसली. आजोबा हसून गेले म्हणे.

१९ जून

आज थेरपीच्या बाई आल्या. निघताना जिन्यात मला म्हणाल्या, "मग? दाखवलं का बाबांनी?"

"काय दाखवलं?"

"अय्या, अजून नाही? वाचायला लागलेत की ते! महिना झाला. मेसेज वाचतात, एकेक अक्षर शोधून दोन-चार शब्द लिहितातही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून खुणेने मला बजावलं होतं. तुमच्या वाढदिवसाला तुमचं नाव लिहून दाखवणार होते."

बाई उतरून गेल्या.

वर आले. बाबांना डुलकी लागलेली. टॅब उचलला. ना आकडे, ना अंगठा — बोट लावलं आणि उघडला. समोर मी आणि दादा. मी फोनवर लिहिलेलं सगळं इथेही आलेलं. येणारच होतं, खातं एकच. हे मला ठाऊक होतं. पण बाबांना वाचता येत नाही हेही ठाऊक होतं ना!

माझं वाक्य जसंच्या तसं होतं. "रोज संध्याकाळी कुलपात किल्ली घालताना मनात येतं, आज सुटले असतील का. ते नाही, मी."

हे मी लिहिलं. माझ्या बापाबद्दल. त्याने ते एकेक अक्षर लावून वाचलं असेल. किती वेळ लागला असेल. मधेच सोडून द्यावं असंही वाटलं नसेल, वाचायला येतंय याचा आनंद होता ना त्याला.

हात लॉकच्या सेटिंगवर गेला. आता लावून काय? बैल गेला आणि झोपा केला. आणि आता लावलं तर त्याचा अर्थ ते काय घेतील? नाही लावलं. होता तसा ठेवला उशीजवळ.

२० जून

सुट्टी घेतली. बाबांना खुर्चीत बसवलं, समोर स्टुलावर बसले. म्हटलं, "बाबा, तुम्ही वाचलंत ते मी रागाच्या भरात लिहिलं. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली. तुम्ही कुठेही जायचं नाही. हे घर तुमचं आहे, ही फरशीसुद्धा तुम्ही बसवलेली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं," म्हणाले.

कसलं बरं? माफ केलं ते बरं, की कळलं ते बरं, की पुरे आता ते बरं? आई असती तर तिने बरोबर ओळखलं असतं. मला नाही येत. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी चांगला हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला, चमक भरलेली तिथेच. कुठे दुखतंय हेही त्यांना माहीत होतं.

दादाला रविवारी फोन करून स्पष्ट नाही सांगणार. मेसेज नको आता. मेसेजची भीतीच बसली.

२१ जून

बाबा आज नीट जेवले. टॅबवर चहाचं चित्र दाबलं, मग पुन्हा दाबलं, मी उठेपर्यंत दाबत राहिले. मी लटक्या रागाने म्हटलं, "आले हो, नोकर नाही मी." त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. सकाळी मी कामावर गेले तेव्हा टॅब मांडीवर घेऊन बसलेले होते, मान खाली, अगदी तल्लीन.

निवळलं बहुतेक. देव पावला.

२२ जून, रविवार

मी लावायच्या आधी दादाचाच फोन. खोली घेतली म्हणे. पहिल्या तारखेला गाडी घेऊन येतोय.

म्हटलं, "अरे, थांब. मी हो म्हटलेलं नाही. मला नाहीच म्हणायचंय."

दादा हळू आवाजात म्हणाला, "ठमे, तू आता असं म्हणणार, हे तूच लिहिलं होतंस ना काल."

टॅब उघडून पाहिला. काल सकाळची वेळ, मी लॅबमध्ये होते. माझ्या नावाने —

"हो. खोली घे. मी नंतर नाही म्हणेन. ऐकू नको."