भीमराजची बसवलेली वाक्यं

तिसगाव,
ता. ९ फेब्रुवारी १९९७

चि. जालिंदर यास आईचा आशीर्वाद आणि जय भीम. माधुरीलाही सांग. संगमनेरची हवा तुम्हाला मानवत असेल. इकडे सगळं बरं आहे. हरभरा घाट्यावर आला. शेळी व्याली, करडू तुझ्यासारखंच निघालं, दूध पिऊन झालं की पाठ फिरवतं.

हे पत्र लंकाबाई लिहिते आहे. तू तिला ओळखत नाहीस. गोधड्या शिवते, सातवी शिकली, लग्न केलं नाही, बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. अक्षर सुंदर आहे म्हणतात, मला ते मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. तिची एकच खोड आहे. बोललेलं सगळं लिहिते. ‘हे लिहू नको’ म्हटलं तर तेही लिहिते. सांभाळून घे.

तुझं पत्र पोचलं. ते तुझ्या भीमराजनेच वाचून दाखवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीत त्याला तपासलं, त्याला ऑटिझम आहे, तो आजार नाही, त्याची घडणच तशी आहे, हे कळलं. एवढी वर्षं गाव ‘खुळा’ म्हणत होतं, आता इंग्रजी नाव मिळालं, बरं झालं. पण पुढे तू लिहितोस, अशा लोकांसाठी पुण्याजवळ एक वसतिगृह आहे, तिथे जागा धरली, महिनाअखेरीस न्यायला येतो, कारण ‘आई, तुझ्यामागे त्याला कोण आहे?’ तुझ्या लेकाने स्वतःला कुठे ठेवणार ते एका सुरात वाचलं, घडी घातली आणि शेळीला पाला टाकायला गेला.

तर त्याला कोण आहे, ते ऐक.

बाजाराच्या दिवशी भोंगे आणि टेंपोचे हॉर्न सुरू झाले की तो कान झाकून कांद्याच्या वखारीमागे पळतो, हे तू बघितलंस. तिथे एकदा आधीच कुणी बसलेलं होतं, डोक्यावरून टॉवेल घेऊन. बागायतदारांच्या घरचा सूर्यभान, चांगला तिशीचा. भीमराज शेजारी जाऊन बसला. कितीतरी बाजार दोघं एक शब्द बोलले नाहीत. मग गोधड्या विकणारी लंकाही तिथेच येऊन बसायला लागली. डॉक्टरांनी दिलेलं नाव मी तिला सांगितलं, तर म्हणाली, “मग मला बी तेच हाय.” सूर्यभान म्हणाला, “मला बी.” दोघांचं पुण्याचं एस्टीभाडं वाचलं.

बाजार उठला की तिघं आपल्या अंगणात येतात. पहिल्या दिवशी सूर्यभानने कालवणाला हात लावला नाही. आपल्या घरचं चालत नाही की काय, म्हणून मी पदर खोचला. तर कळलं, कालवण भाकरीला लागलं की तो स्वतःच्या आईच्या हातचंही खात नाही. माझं भांडण वाया गेलं.

टॉवेल डोक्यावर घेतला की विचारायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं जवळ बसायचं, असं त्यांचं ठरलेलं आहे. आणि लंका वाक्यं बसवते. गिरणीत काय बोलायचं, कंडक्टरला काय सांगायचं, ते ती आधी रचते, सूर्यभान गिरणीवाला होऊन समोर बसतो आणि भीमराज म्हणून दाखवतो. बदल्यात तिच्या गोधड्यांचा भाव भीमराज करतो. एकदा सांगितलेली किंमत तो हलवतच नाही. गिऱ्हाईक थकतं.

पायाचं लिहू नको गं लंका.

लिहिलंस? बरं. आता सांगतेच.

संक्रांतीनंतर मी अंगणात पडले. मांडीचं हाड मोडलं. मी ओरडले तसा भीमराज भिंतीशी गेला. पूर्वी डोकं आपटायचा, या वेळी टॉवेल घेऊन बसला. मी मातीत पडून म्हटलं, संपलं. तेवढ्यात लंका आली. मला बघितलं, त्याला बघितलं आणि जाऊन त्याच्याशेजारी बसली. मला असा राग आला म्हणून सांगू! मग ती हळू म्हणायला लागली, “आजी पडली. पाय उचलत न्हाई. दवाखान्यात न्यायला टेंपो पायजे.” पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी तो तिच्याबरोबर म्हणाला, टॉवेल खाली ठेवला आणि उठला.

टेंपोवाल्या गोरक्षच्या दारात त्याने आधी रामराम घातला, पोरंबाळं विचारली, पीकपाणी विचारलं. वाक्यांची सुरुवात तशीच बसवलेली ना. गोरक्षने आत चहा सांगितला तेव्हा कुठे आजी पडली. पण पडली, जालिंदर. माझा नातू परक्याच्या दारात उभा राहून बोलला. लंकाने आता ‘घाईची वाक्यं’ वेगळी बसवली आहेत, त्यांत रामराम नाही.

तेव्हापासून मी खाटेवर आहे. सूर्यभान भाकऱ्या थापतो, कौलाएवढ्या जाड. पाणी, शेळी, औषध भीमराज बघतो. लंका वेणी घालते. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास आणि जाताना त्याला घेऊन गेला असतास.

तुला काय उत्तर द्यायचं त्याचं वाक्य बसव, असं मी लंकाला म्हटलं. ती म्हणाली, “हे मी न्हाई बसवायची. हे त्याचं त्यानं.” काल धार काढता काढता भीमराज म्हणाला, “मी इथंच राहनार. बाबांनी यावं, जेवावं, जावं.” लंकाने त्यात काही घातलं नाही, मी काही काढलं नाही.

मी आज ना उद्या जाणारच. त्या दिवशी तो टॉवेल घेऊन बसेल, तेव्हा न बोलता शेजारी बसणं तुझ्या वसतिगृहात कुणाला येतं, ते आधी विचारून ये.

ती जागा सोडून दे. नाही सोडलीस तर मी खाट दारात आडवी टाकायला सांगेन. मला उठता येत नाही, त्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

उत्तर मला धाडू नको, मला वाचता येत नाही. भीमराजला येतं, आणि जन्मात त्याच्या नावाचं पत्र आलेलं नाही. काय ते त्यालाच लिही, पत्त्यावर त्याचंच नाव घाल.

दार न सोडणारी,
तुझी आई
भिमाबाई