वेळेत थांबल्याचा बिल्ला

३ मार्च, सोमवार

आज ऑफिसात पुन्हा तेच रणकंदन — आपल्या आगगाडीच्या गेममध्ये अचीव्हमेंट, म्हणजे खेळताना मिळणारे बिल्ले, ठेवायचे की नाही. कॅप्टन, म्हणजे आमचा टीम लीडर, ठाम आहे. "बक्षीस नसेल तर लोक दोन स्टेशनं चालवतील आणि पळतील." ब्रेकवाला, म्हणजे गाडीचं वजन, वेग आणि ब्रेकची गणितं बसवणारा, त्याचं उलट. "गाडी चालवताना कुणी टाळ्या वाजवतं का?" मी कॅप्टनच्या बाजूने. बिल्ल्यांची नावं मीच लिहिते, माझं पोट त्यावर आहे.

घरी आल्यावर बाबांना विचारलं. सगळी नोकरी इंजिनात काढली, आता घरी बसून आमचा गेम चालवतात. म्हणाले, "उतरून गेलेल्यांपैकी कुणालाच ड्रायव्हर आठवला नाही, तर फेरी चांगली झाली. बिल्ला कुठे लावणार?" आई आतून म्हणाली, "मला लावा. इतकी वर्षं पहाटे उठून डबे कुणी भरले?"

८ मार्च, शनिवार

बिल्ले जिंकले! दिवसभर नावं पाडत बसले. सारखा भोंगा वाजवणाऱ्याला 'भोंगाबहाद्दर'. स्टेशन विसरून पुढे जाणाऱ्याला 'विसरभोळा'. खुणेवर अचूक थांबवणाऱ्याला 'जागच्या जागी'.

हा शेवटचा चाचणीत कुणालाच मिळेना. लोक वैतागून उठायला लागले. मग बैठकीत ठरलं — ब्रेक जरा घट्ट करायचे, म्हणजे गाडी लवकर थांबेल. ब्रेकवाल्याचं तोंड एवढंसं झालं. "खरी गाडी अशी थांबत नाही," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? सगळे हसले, मीही.

१२ मार्च, बुधवार

बाबांना नवी आवृत्ती लावून दिली. भोंगाबहाद्दर झाले तेव्हा आईची हसून पुरेवाट. मग रुळांवर एक हरीण आलं. बाबांनी इमर्जन्सी ब्रेक ओढला आणि टिंग — पडद्यावर सोनेरी बिल्ला. 'पहिला करकचून ब्रेक! शाब्बास, ड्रायव्हर!'

ती ओळ मी लिहिलीय. बाबा ती वाचत राहिले. मग सगळं तसंच टाकून गच्चीवर गेले.

आई मला म्हणाली, "तुला काही वाटतं का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी शाळेत असतानाची ती बाई. वळण सुटल्यावरचं फाटक, तिच्या हातात सायकल. बाबांनी ब्रेक ओढला होता, पण गाडी थांबली नाही. चौकशी झाली. थांबवणं शक्यच नव्हतं, असं साहेबांनी सांगितलं आणि बाबा पुन्हा कामावर गेले. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. इतका काढला नाही, की मी 'शाब्बास' लिहून मोकळी झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१३ मार्च, गुरुवार

ती ओळ आज गेममधून काढून टाकली. आता काय उपयोग. बाबा म्हणतात, "अगं, खेळ आहे तो." पण जेवले नाहीत.

२० मार्च, गुरुवार

बाबा पुन्हा बसले! आमच्या गेममध्ये आपला मार्ग आपण आखू शकतो, ते त्यांना शिकायचं होतं. वळण कसं टाकायचं, झाडी कशी लावायची, फाटक कुठे मिळतं. विद्यार्थ्यासारखं एकेक विचारत होते. "वजनाचा, वेगाचा हिशेब खऱ्या गाडीचाच ना?" मी तोऱ्यात म्हटलं, "अगदी खऱ्या गाडीचा." सवयीने म्हटलं. जो विचारतो त्याला आम्ही तेच सांगतो.

आईची कुरकुर — चहा गार होतो तरी हलत नाहीत. मला मात्र हायसं वाटलं.

२३ मार्च, रविवार

लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

आज त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी तेच वळण बनवलंय. तीच झाडी, तेच फाटक. गेममधल्या तयार माणसांतली एक बाई फाटकात उभी केलीय, हातात सायकल. अलीकडे थांबायची खूण. वळण सुटतं, बाई दिसते, बाबा ब्रेक ओढतात. गाडी तिच्या अलीकडे थांबते. टिंग — 'जागच्या जागी'. बिल्ल्याकडे बघतही नाहीत. गाडी मागे नेतात आणि पुन्हा.

"बाबा, पुरे आता."

"थांबते गं. दर वेळी थांबते." मग अगदी हळू, "त्या दिवशी माझाच हात अडला असणार. साहेबांनी मला सांभाळून घेतलं. थांबली असती ती गाडी."

मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. ब्रेक खोटे आहेत बाबा, आम्ही घट्ट केलेत, लोकांना बिल्ला मिळावा म्हणून. तुमच्या हाताला कळलं नाही का? म्हणाले, "बटणं दाबून हाताला काय कळणार? तूच म्हणालीस ना, हिशेब खरा आहे."

आईची शपथ घेतली. लहानपणी मी पडायचे आणि रडू गिळून 'लागलं नाही' म्हणायचे, तेव्हा बाबा बघायचे तसं माझ्याकडे बघितलं. "बापासाठी खोटं बोलू नये, पोरी."

इतकी वर्षं त्या एका वाक्यावर माणूस उभा होता — शक्यच नव्हतं. ते मी काढून घेतलं. एका टिंगसाठी.

२४ मार्च, सोमवार

कॅप्टनला म्हटलं, ब्रेक पूर्ववत करा. "लोक त्या बिल्ल्यासाठी वेडे झालेत आणि आता म्हणतेस?" सगळ्यांसमोर रडले. बिल्ला असावा की नसावा, यावर आम्ही एवढे भांडलो. तो देता यावा म्हणून गाडीच खोटी करतोय, याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मला तर मुळीच नाही.

ब्रेकवाला जिन्यात भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हटलं नव्हतं?" असं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "बाबांची गाडी कुठली होती, तेवढं सांग. खऱ्या ब्रेकची आवृत्ती काढून देतो. मीच घरी येतो."

२६ मार्च, बुधवार

आई आज पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलली. बाबांच्या समोर बसून. "चौकशीच्या वेळी मी बाहेर बाकावर होते. तुमचा असिस्टंट बाहेर येऊन मला म्हणाला, वहिनी, मी ओरडायच्या आधी ह्यांनी ब्रेक ओढला होता."

बाबा म्हणाले, "तो माझ्या हाताखालचा पोरगा. तो दुसरं काय म्हणणार?"

"आणि आम्ही?"

"तुम्ही तर घरचीच." मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "त्याला माझी काय पडलीय? ते कुणाची बाजू घेत नाही."

आई उठून आत गेली. नळ चालू ठेवून रडत होती, मला ऐकू आलं.

पण मला आशा वाटतेय. मशीनचंच ऐकणार ना? मग मशीनच सांगेल. रविवारी ब्रेकवाला येतोय.

३० मार्च, रविवार

ब्रेकवाला आला. खरे ब्रेक बसवले, बाबांना एकेक आकडा समजावून सांगितला. बाबांनी गाडी आणली. वळण सुटलं, बाई दिसली, ब्रेक ओढला. गाडी फाटकातून पार पुढे गेली. पुन्हा केलं. पुन्हा गेली.

बाबांनी त्याला बसायला सांगितलं, आईला चहा टाकायला सांगितला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती जीव लावतेस गं," म्हणाले. "माझ्यासाठी गाडीसुद्धा खोटी करून आणलीस."