मुखपृष्ठावरचे बाबा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातलाय, पण भाव साष्टांगाचाच आहे.) तुझा खोकला कमी झाला असेल, गच्चीवरच्या कुंड्या टवटवीत असतील आणि मुख्य म्हणजे तुझं ब्लडप्रेशर ताब्यात असेल, अशी आशा करतो. नसेल तर आधी गोळी घे आणि मग पुढचं वाच.

तुझं कुंड्यांतल्या बागेवरचं पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठ मी करतो म्हटल्यावर तू दोनदा विचारलं होतंस, जमेल ना? मी हसलो होतो. (बिल्डिंगच्या पाणीबंदीच्या नोटिसा सजवून सजवून माझ्या डोक्यात हवा गेली होती.) तुझी अट एकच होती: गच्चीवरचा तो जुना फोटो घ्यायचा, पण शेजारी उभे असलेले बाबा दिसता कामा नयेत. तू गावाला गेलेली असताना त्यांनी तुला न विचारता तुझा वेल पार बुंध्यापर्यंत छाटला, तेव्हापासून तुम्ही भावंडं एकमेकांशी बोलत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तुमचे निरोप पोचवणारा मीच. म्हणून मी कॉम्प्युटरवर बाबांच्या पुढ्यात एक भलीमोठी कुंडी आणून ठेवली. फोटोचा थर खाली, कुंडीचा थर वर. बाबा पुरते झाकले गेले आणि माझी छाती फुगली.

फाइल छापखान्यात नेली. तिथल्या माणसाने ती दातांच्या डॉक्टरसारखा चेहरा करून पाहिली. मी रंग पडद्याचे ठेवले होते, छपाईच्या शाईचे नव्हे. त्यामुळे पडद्यावर पोपटी दिसणारी पानं कागदावर शिजलेल्या भाजीसारखी उतरली. शिवाय चित्र मी बरोब्बर कडेपर्यंत नेऊन थांबवलं होतं. ते कडेच्या बाहेर थोडं वाढवून द्यायचं असतं (त्याला ब्लीड म्हणतात), म्हणजे कागद कापताना पांढरी रेघ राहत नाही. हे मला माहीतच होतं असा चेहरा करून मी मान डोलावली आणि घरी येऊन ब्लीड म्हणजे काय ते शोधत बसलो.

तर फोटो वाढवताना ती कुंडी सारखी मध्ये येत होती, म्हणून तिचा थर तेवढ्यापुरता बंद केला. रंग सुधारले, फोटो चांगला मोठा केला, फाइल पाठवून दिली. कुंडी बंदच राहिली. नमुन्याची प्रत आली तेव्हा मी चक्क भिंग घेऊन बसलो. पानांचा हिरवा पाहिला, कडा पाहिल्या, तुझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मंजुरीची सही ठोकली. जन्मदाता बाप समोर उभा होता, तो तेवढा दिसला नाही.

आत्या, सगळ्या प्रती छापून झाल्यात. प्रत्येक प्रतीवर तू आहेस आणि शेजारी बाबा आहेत. तेही पुरते नाहीत, कारण फोटो मोठा केल्यावर ते कडेला सरकले आणि कापायच्या मशीनने त्यांचा एक कान आणि एक खांदा नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी एकेका प्रतीवर कुंडीचं चित्र स्वतःच्या हाताने चिकटवून देतो, पण प्रकाशन रद्द करू नकोस. एवढी वर्षं खपून लिहिलंस, ते माझ्या शहाणपणापायी घरात पडून राहायला नको.

तुझा (अजून म्हणवून घेता येत असेल तर) भाचा

ता. क. प्रत बाबांनी पाहिली. मग भडकून म्हणाले, "मला न विचारता छाटलं?" आणि स्वतःच्याच तोंडून हे ऐकून चपापले. थोड्या वेळाने खिडकीकडे बघत म्हणाले, "तिलाही असंच वाटलं असणार." हा निरोप म्हणून त्यांनी सांगितलेला नाही. सवयीने पोचवतोय.

आणखी एक ता. क. पाकीट तुझ्या हातात कुणी दिलं, ते तू पाहिलंच आहेस. पत्र हातात असलं की तू ते शेवटपर्यंत वाचतेस आणि वाचता वाचता दार लावायचं विसरतेस, म्हणून मी हे मुद्दाम लांबवलं. इतका वेळ ते दारातच उभे असतील. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. आत बसव.