बोट कुठे लागते

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र महिन्यापूर्वीच पोचलं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल कान पकडते. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिन्यापुरता दुखतो, जिना संपला की ती विसरते. माझं काम तेच, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं मंजूर मजकुराशी ताडून बघायची. परवा 'दिवसातून' हवं तिथे 'दिवसांतून' सापडलं. एका टिंबापायी चार हजार लेबलं परत गेली. साहेब म्हणाले, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हो." मी दिवसभर त्या वाक्यावर खूश होते आणि घरी येऊन अस्वस्थ झाले. का, ते मग कधीतरी.

मोठी बातमी अशी की आईला बोटीने फिरायला जायचंय. हसू नकोस. बसमध्ये जिच्या मांडीवर कायम पिशवी उघडून ठेवावी लागते, तीच ही. मी म्हटलं, "आई, तुला झोपाळा लागतो. आठ दिवस समुद्रावर काय करशील?"

"ओकेन. समुद्राला काय कमी पडणार आहे?"

"पण बोटच का?"

"एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना परगावी पोचवलं. माझी खुर्ची कधी हलली नाही. आता हलू दे."

शनिवारी आम्ही प्रवासाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाई गोड होत्या, चष्म्याला साखळी, प्रत्येक वाक्याला 'आजी'. त्यांनी तीन बोटींची माहितीपत्रकं मांडली. पहिली चौदा मजली. पोहण्याचे तलाव, नाटकघर, बर्फावर घसरायची जागा. आईने चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही बोट नव्हे, ही वसाहत आहे. इथे मी हरवले तर तू मला आठव्या दिवशी सापडशील." दुसरी मध्यम, शांत, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट, दवाखान्यात दोन डॉक्टर. तिसरी जुनी आणि लहान.

बाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला बोट लागते का?"

आई म्हणाली, "लागते की. पण कुठे कुठे लागते ते तुम्ही सांगायचं."

बाई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थही वळून बघायला लागले. मलाही हसू आलं. पण आई हसत नव्हती. ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती.

मी घरी येऊन तक्ता केला, सवयीप्रमाणे. खोली, जिने, डॉक्टर, जेवणाच्या वेळा, हेलकावे. दुसरी बोट सगळ्या रकान्यांत पुढे आहे. तिसरीला दोन मजल्यांमध्ये लिफ्ट नाही आणि लहान असल्यामुळे ती फार हलते म्हणे. तेव्हा दुसरीच घ्यावी असं माझं मत आहे. एकच खोली घेऊ, दोन पलंगांची. तुला काय वाटतं?

तुझी,
धाकटी


१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता पुन्हा लिहिते आहे. मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण तक्त्यात एक रकाना मी घातलाच नव्हता, आणि तो गाळला हेही तुला सांगितलं नव्हतं. बोट कुठे कुठे लागते, हा तो रकाना.

तिसरी बोट सहाव्या दिवशी तुझ्या गावाच्या बंदरात लागते. सकाळी आठला येते, संध्याकाळी पाचला सुटते. पहिल्या दोन तुमच्या बाजूला फिरकतही नाहीत.

आईला हे कार्यालयात जायच्या आधीपासून माहीत होतं. तिने कुठल्याशा मासिकातली जाहिरात कापून ठेवली होती, शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. मला ती सोमवारी सापडली. भिंग घेऊन तिने तुझ्या बंदराभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता. इतका फिका की खोडला तर कळणार नाही.

तू म्हणशील, मग विमानाने का नाही येत? सरळ आहे. तिने तेव्हा काय म्हटलं होतं ते तुला पाठ असेल. "तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." आईचा शब्द म्हणजे तुला ठाऊकच आहे. नऊ वर्षं तिने तुझं नाव घेतलेलं नाही, 'तुझा भाऊ' म्हणते, जणू माझ्याशी नातं आहे आणि तिच्याशी नाही. पण बोट तुझ्या दारात येत नाही. बोट धक्क्याला लागते. मी विचारलं तेव्हा तिने हेच सांगितलं, भाजी निवडता निवडता, अगदी वकिलासारखं: "मी त्याच्या दारात जात नाहीये. बोटीला दार असतं, ते माझं. त्यात उभी राहीन. यायचं त्याने यावं."

मला आनंद व्हायला हवा होता ना? आता मी काय केलं ते ऐक. मी तिला सांगितलं, तिसऱ्या बोटीच्या सगळ्या खोल्या भरल्या.

का सांगितलं, ते मला त्या क्षणी विचारलं असतंस तर मी गुडघ्याचं कारण दिलं असतं. हेलकाव्यांचं दिलं असतं. आणि दिलेल्या कारणावर माझा स्वतःचा विश्वासही बसला असता.

मंगळवारी मी कामावरून आले तर आई टेलिफोनच्या खुर्चीत ताठ बसलेली. एक्स्चेंजमध्ये बसायची तशी.

"आठ खोल्या शिल्लक आहेत," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"चष्म्याच्या साखळीवाली. लाइन लावून विचारलं."

मी चपला काढत राहिले. एक चप्पल काढायला किती वेळ लावता येतो याचा मी त्या दिवशी विक्रम केला असेल. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "तुला तो भेटायला नको आहे का?"

नाही रे दादा. तसं नाही. मला तू हवा आहेस. मला भीती तुम्ही दोघं एका जागी उभे राहण्याची आहे.

रोज कामावर लेबलं वाचताना ओळी पुढे सरकत नाहीत. काल एक चूक माझ्या हातून सुटली, शेजारी बसणाऱ्या बाईने पकडली. बोटीच्या बाईंना बुधवारपर्यंत सांगायचं आहे. आई रोज सकाळी विचारते, "ठरलं का?" आणि मी म्हणते, "बघते." हा शब्द तोंडातून गेला की मी तिच्यासमोरून उठून जाते. तुला कारण माहीत आहे. म्हणजे, माहीत असणारच.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

सगळं सांगते. तुला त्यातलं बरंच ठाऊक आहे, पण ते मी कधी सांगितलेलं नाही, आणि तू कधी विचारलेलं नाहीस.

बाबांना इस्पितळात ठेवलं तो शुक्रवार. आई म्हणाली, "दादाला कळव." मी डायरीत लिहिलं, 'दादाला फोन', आणि पुढे टिक केली. कॉलेजपासूनची खोड, आधी टिक, मग काम. टिक केली की काम करावंच लागतं, असा माझा हिशेब. त्या दिवशी तो चुकला. संध्याकाळी आईने विचारलं, "लागला का फोन?" डायरी माझ्या हातात होती, टिक समोर होती. मी म्हटलं, "हो, लागला."

"काय म्हणाला?"

तिथे थांबता आलं असतं. आत्ता लावते, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "बघतो म्हणाला."

तो शब्द तुझा नव्हता. माझा होता. पटकन सुचला, कारण तो काहीच न सांगणारा होता, दोन दिवस रेटायला पुरला असता.

फोन का लावला नाही? डॉक्टर म्हणाले होते, चार दिवसांत घरी नेता येईल. तुझी नोकरी नवी होती. ही कारणं खरी आहेत, पण ती नंतर जमवलेली आहेत. त्या तीन दिवसांत बाबा मला हाका मारत होते. पाणी हवं तरी मी, उशी वर करायची तरी मी. आयुष्यभर त्या घरात हाक तुला होती. तू आला असतास तर ते तुझ्याकडे वळून बसले असते, आणि मी पुन्हा चहा आणायला गेले असते. मला फक्त चार दिवस हवे होते. हे लिहितानाही वाटतं की हे कारण जरा मला शोभणारं आहे, याच्याही खाली काही असेल. मला तेवढंच दिसतं.

सोमवारी सकाळी मी तुला पहिला फोन लावला तेव्हा बाबा गेलेले होते. तू विचारलंस, "आधी का नाही कळवलंस?" आणि मी तुला सांगितलं, "लाइन लागत नव्हती." आईला सांगितलं लागली, तुला सांगितलं लागत नव्हती. एकाच फोनबद्दल, जो मी लावलाच नव्हता.

मग तू आलास. आई दारातच उभी होती. "बाप जात होता आणि तू 'बघतो' म्हणालास?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. तुला तेवढ्यात सगळं कळलं, मला दिसलं कळलेलं. तू एक शब्द बोलला असतास तर पुरे होतं. तू म्हणालास, "उशीर झाला, आई."

नऊ वर्षं मी विचार करते आहे, तू का गप्प राहिलास. मला वाचवलंस की मला शिक्षा केलीस? दरवर्षी तुझं पत्र येतं, त्यात माझ्या कामाची चौकशी असते, आईच्या गुडघ्याची असते, आणि त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नसतं. म्हणूनच मी तुला फोन करत नाही. फोनवर गप्प राहणं ऐकू येतं.

आज दुपारी मी रजा टाकून घरी आले. आई गॅलरीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तुला वर लिहिलं तेच सांगितलं, याच क्रमाने, हाका मारण्यापर्यंत. ती घड्या घालत राहिली. मधे एक टॉवेल तिने उलगडला आणि पुन्हा घातला.

"म्हणजे तो 'बघतो' म्हणालाच नव्हता?"

"नाही."

"काहीच म्हणाला नव्हता?"

"त्याला माहीतच नव्हतं, आई."

ती उठून आत गेली. नळ चालू झाला. बराच वेळ चालू राहिला. भांडं घासल्याचा आवाज नव्हता, नुसतं पाणी. मी गॅलरीत बसून राहिले. आत जावं की जाऊ नये हेही मला ठरवता आलं नाही.

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकतीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या. माझ्याच घरात तुटलेली मला ऐकू आली नाही." मग टेलिफोन उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "त्या बाईंना लाव. माझ्यासमोर लाव."

मी लावला. लगेच लागला. बाई म्हणाल्या, तिसरी बोट ना, हो, आहे जागा. एक खोली की दोन?

मी आईकडे पाहिलं.

"दोन," आई म्हणाली.

मी बाईंना दोन सांगितल्या. आवाज नीट आला, बहुधा. बाई म्हणाल्या, शेजारशेजारच्या देते. आई म्हणाली, "समोरासमोर चालतील. शेजारी नकोत." दादा, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तू नऊ वर्षं वेगळ्या गावात काढलीस, मला आठ दिवस वेगळी खोली.

तर असं ठरलं आहे. बारा एप्रिलला, सकाळी आठला, तुझ्या बंदरात. पांढरी रंगवलेली, एकाच धुराड्याची बोट, तुला चटकन ओळखू येईल. दारात आई उभी असेल. तिने पिशवी धरलेली असेल, कारण तिला बोट लागलेली असेल, त्याला हसू नकोस. मी मागे असेन. तुला मला भेटायचं नसेल तर मी आतच थांबेन, तेवढं कळव.

डायरीत मी आज 'आईला सांगणे' लिहिलं होतं. टिक नंतर केली.

हे पत्र बंद करायला बसले होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. अजून माझ्याशी बोलत नाहीये, म्हणून भिंतीकडे बघून विचारल्यासारखं विचारलं, "दादाच्या घराला पायऱ्या किती आहेत गं?"

दादाच्या, म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारते.

तेव्हा पायऱ्या किती, ते कळव. बाकी जे लिहायचं असेल ते लिही, रागाचं असलं तरी लिही. फक्त 'बघतो' एवढं लिहू नकोस.

तुला फोन न लावलेली,
तुझी बहीण